बक कन्व्हर्टर: बदनामी किती, दोष किती

पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर 'स्टेप-डाऊन द्या' म्हटलं की दुकानदार पुढचं काही न विचारता एक ठरावीक मॉड्यूल काउंटरवर ठेवतो. काडेपेटीपेक्षा लहान बोर्ड, त्यावर पाच पायांची एलएम२५९६ आयसी, काळी गोल कॉईल, दोन उभे कंडेन्सर आणि पितळी स्क्रूचा निळा प्रीसेट. शंभराच्या नोटेत भागतं. सोलरच्या बॅटरीवरून मोबाइल चार्ज करायचा असो, गाडीत कॅमेरा बसवायचा असो की कॉलेजचा प्रोजेक्ट असो, सगळीकडे हेच.

या मॉड्यूलबद्दल, म्हणजे बक कन्व्हर्टरबद्दल, दोन मतं ऐकू येतात, बहुधा एकाच दुकानात. एक म्हणतो, "बक लावा, गरमच होत नाही." दुसरा म्हणतो, "ऑडिओला लावू नका हां, नुसती कुरकुर करतो. आपली ७८०५ बरी." दोघांचंही अर्धं खरं आहे आणि उरलेल्या अर्ध्यातच सगळा घोळ आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: काटकसर आणि शांतता या एकमेकींच्या सवती नाहीत. बकमधला नॉईज स्विचिंगमधून जन्मतो हे खरं, पण तो किती पसरणार हे बोर्डावरच्या एक-दोन सेंटिमीटर तांब्यावर ठरतं.

"व्होल्टेज उतरवायचं म्हणजे वरचं जाळावंच लागतं"

७८०५ ही लिनिअर रेग्युलेटर आयसी हेच करते. १२ व्होल्टमधून ५ व्होल्ट काढायचे आणि लोडला १ अँपिअर द्यायचा, तर मधले ७ व्होल्ट ती स्वतःवर घेते. म्हणजे लोडला ५ वॅट आणि हीटसिंकला ७ वॅट. कार्यक्षमता जेमतेम ४२ टक्के. हीटसिंक न लावलेल्या टीओ-२२० पॅकेजचं तापमान दर वॅटमागे साधारण ६५ अंशांनी चढतं. त्या हिशोबाने ७ वॅटला साडेचारशे अंश होतात. अर्थात तिथवर पोचण्याच्या फार आधी आतलं थर्मल शटडाऊन आयसी बंद करतं, आणि "रेग्युलेटर मध्येच बंद पडतो, पुन्हा चालू होतो" ही तक्रार सुरू होते.

बकमधला स्विच एक तर पूर्ण चालू असतो, नाही तर पूर्ण बंद. चालू असताना त्याच्यावर व्होल्टेज फारसं नसतं, बंद असताना त्यातून करंट जात नाही, म्हणून त्याच्या वाट्याला उष्णता थोडी येते. एलएम२५९६ मध्ये ही उघडझाप सेकंदाला दीड लाख वेळा होते. कुंभार चाकाला काठीने मधूनमधून गती देतो आणि चाक मात्र अखंड फिरत राहतं, तसं कॉईलमधल्या करंटचं असतं. स्विच चालू असताना करंट इनपुटकडून येतो, बंद झाला की कॉईल तोच करंट डायोडमार्गे फिरवत ठेवते. १२ चे ५ करायचे तर स्विच दर फेरीत ढोबळमानाने ४२ टक्के वेळ चालू राहतो. १२ चे ६ करायचे तर निम्मा वेळ.

इथे पहिल्यांदा मीटर लावणारा हमखास गोंधळतो. आउटपुटला ३ अँपिअर आणि इनपुटला जेमतेम दीड! मीटर बिघडलेला नसतो. ५ व्होल्टला ३ अँपिअर म्हणजे १५ वॅट. डेटाशीट सांगतं की १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट, ३ अँपिअर देताना एलएम२५९६ ची कार्यक्षमता ८० टक्के असते. म्हणजे इनपुटला पावणेएकोणीस वॅट, १२ व्होल्टला भागले की दीड अँपिअरच्या थोडं वर. वॅटचा ताळा जमतो, अँपिअरचा जमण्याची गरज नसते.

आणि याच आकड्यांत "गरमच होत नाही" या मताचं उत्तर आहे. १५ वॅट द्यायला पावणेएकोणीस लागले, तर जवळजवळ पावणेचार वॅट त्या इवल्याशा बोर्डावरच राहिले. चटका बसायला एवढे पुरतात. एलएम२५९६ चा स्विच जुन्या पद्धतीचा, बायपोलर ट्रान्झिस्टरचा. त्याच्यावरच एक व्होल्टहून जास्त पडतं, वर डायोडचा अर्धा व्होल्ट वेगळा. नव्या आयसींत दोन्ही जागी मॉस्फेट असतात. १० मिलिओहमच्या मॉस्फेटमधून ५ अँपिअर गेले तरी त्यावर ०.०५ व्होल्टच पडतो, म्हणून तिथे ९५ टक्क्यांपर्यंत मजल जाते. त्याहून मोठ्या करंटला आयसी नुसतं नियंत्रण करते आणि मॉस्फेट बाहेर बसवतात. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर प्रोसेसरच्या कडेने चौकोनी कॉईलची रांग दिसते ना, ती हीच. १२ व्होल्टचा साधारण १ व्होल्ट करून शंभर अँपिअरच्या घरातला करंट तिथून जातो. त्यातली प्रत्येक कॉईल एका वेगळ्या बकची, म्हणजे एका 'फेज'ची. या फेज पाळीपाळीने चालतात, त्यामुळे एकीचा रिपल दुसरीच्या रिपलला बराचसा छेद देतो. काटकसरीसाठी केलेली रचना शांततेलाही उपयोगी पडते, त्याचं हे रोजचं उदाहरण.

"बक म्हणजे नेहमीच ९० टक्के"

जाहिरातीतला आकडा हा आलेखाच्या शिखराचा असतो. लोड हलका झाला की हिशोब पालटतो, कारण आयसीचा स्वतःचा खर्च चालूच असतो. एलएम२५९६ स्वतःसाठी सुमारे ५ मिलिअँपिअर घेते. बॅटरीवर चालणारा, शेतातली ओल मोजून उरलेला वेळ झोपणारा एखादा सेन्सर घ्या. झोपेत तो १० मायक्रोअँपिअर खातो आणि त्याला पोसणारी आयसी पाचशेपट खाते. २००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी सेन्सरने काहीही न करता सतरा दिवसांत रिकामी! याच जागी टीपीएस६२७४० सारखी बक आयसी ३६० नॅनोअँपिअरवर भागवते. म्हणजे दोष बक या पद्धतीचा नाही, चुकीची आयसी निवडण्याचा आहे.

लिनिअर रेग्युलेटरही दरवेळी उधळा नसतो. ३.६ व्होल्टचे ३.३ करायचे असतील तर साधा एलडीओ (थोड्याशा फरकावरही चालणारा लिनिअर रेग्युलेटर) ९१-९२ टक्के देतो, कॉईलची कटकट नाही आणि नॉईजही नाही. दोन व्होल्टेजमधलं अंतर किती, यावर निवड करावी. सरसकट नियम लावू नये.

"स्विचिंग म्हणजे गोंगाट, लिनिअर म्हणजे शांतता"

या समजुतीने सर्वांत जास्त नुकसान केलं आहे, म्हणून इथे जरा थांबू.

आधी हे पाहू की 'नॉईज' या एका नावाखाली तीन वेगळे त्रास एकत्र बांधले जातात. पहिला रिपल, म्हणजे स्विचिंगच्या फ्रीक्वेन्सीला आउटपुटवर दिसणारी संथ नागमोडी लाट. दुसरा त्रास टोकदार काट्यांचा, स्विच उघडता-मिटताना काही नॅनोसेकंदांत उठणारा. तिसरा म्हणजे जे इनपुटच्या वायरींतून आणि हवेतून बाहेर पसरतं ते. तिघांची कारणं वेगळी, उपाय वेगळे. आउटपुटला कंडेन्सर वाढवत नेला की पहिला त्रास कमी होतो. बाकीचे दोघे ढिम्म हलत नाहीत, आणि मग "बकचा आवाज जातच नाही" असा निष्कर्ष निघतो.

रिपलचा हिशोब करता येतो. १२ चे ५ व्होल्ट, ५०० किलोहर्ट्झ आणि १० मायक्रोहेन्रीची कॉईल असेल तर कॉईलमधला करंट सुमारे ०.५८ अँपिअरने वरखाली होतो. आउटपुटला १०० मिलिओहम अंतर्गत रोध असलेला साधा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर असेल, तर त्या रोधावरच ५८ मिलिव्होल्टचा रिपल तयार होतो, मायक्रोफॅरड कितीही असोत. त्याऐवजी खरोखर २२ मायक्रोफॅरड भरणारा सिरॅमिक लावला तर साडेसहा मिलिव्होल्टच्या आसपास. 'खरोखर भरणारा' असं मुद्दाम म्हटलं, कारण एक्स५आर जातीच्या सिरॅमिक कंडेन्सरवर व्होल्टेज चढलं की त्याची क्षमता घसरते. लहान आकाराचा, ६.३ व्होल्टचा कंडेन्सर ५ व्होल्टवर चालवला तर निम्म्याहून कमी उरणं नवलाचं नाही. डेटाशीटवर १० मायक्रोफॅरड लिहिलेले असतात, सर्किटला मिळतात ४.

आता काटे. बकच्या आउटपुटचा करंट कॉईलमधून येतो, म्हणून तो अखंड असतो, फक्त लाटेसारखा हलतो. इनपुटचा करंट मात्र तुटक असतो: क्षणात शून्य, क्षणात ३ अँपिअर. इनपुटचा कंडेन्सर, वरचा स्विच आणि खालचा डायोड किंवा मॉस्फेट यांच्यामधून फिरणारं जे वेटोळं, त्यात हा धक्का बसतो. सेंटिमीटरभर तांब्याच्या पट्टीला सुमारे १० नॅनोहेन्री इंडक्टन्स असतो. ३ अँपिअर १० नॅनोसेकंदांत चढले, तर तेवढ्याशा पट्टीवर ३ व्होल्टचा काटा उभा राहतो. तीन व्होल्ट, एका सेंटिमीटरवर! आणि तो एकदा उठून थांबत नाही, घंटेचा नाद राहावा तसा शंभर-दोनशे मेगाहर्ट्झला थरथरत विझतो.

म्हणजे मूळ इनपुटच्या बाजूला, आणि आपण कंडेन्सर चिकटवतो आउटपुटच्या बाजूला. उपायाला खर्च जवळजवळ शून्य. एक छोटा सिरॅमिक कंडेन्सर आयसीच्या इनपुट आणि ग्राउंडच्या पायांना अगदी खेटून, त्याच बाजूला, मध्ये व्हाया न घेता. तोच कंडेन्सर दोन सेंटिमीटर लांब लावला तर स्कीमॅटिकमध्ये काहीच फरक दिसत नाही, बोर्डावर मात्र जमीन-अस्मानाचा पडतो. लिनिअर टेक्नॉलॉजी या कंपनीने (२०१७ पासून ती अ‍ॅनालॉग डिव्हायसेसमध्ये आहे) 'सायलेंट स्विचर' नावाने ज्या आयसी काढल्या, त्यातली युक्ती याच वेटोळ्याची आहे. इनपुटचे पाय आयसीच्या दोन्ही बाजूंना काढले, दोन्हीकडे सारखे कंडेन्सर ठेवले. दोन वेटोळी उलट दिशेने फिरतात आणि त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना बरीचशी पुसतात. पुढच्या पिढीत कंडेन्सर आयसीच्या पॅकेजमध्येच घातले, म्हणजे बोर्ड आखणाऱ्याला चूक करायला जागाच राहिली नाही.

हे काटे कोणाला टोचतात? नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. ती १५० मेगाहर्ट्झपासून चौदाशेच्या पुढपर्यंतचे आकाशातले अत्यंत क्षीण संकेत टिपते. स्विचिंगचे काटे ज्या पट्ट्यात थरथरतात, तिथेच तिचे कान लागलेले असतात. घरातला नमुना हवा असेल तर मीडियम वेव्हवर आकाशवाणी पुणे, ७९२ किलोहर्ट्झ लावून रेडिओ त्या मॉड्यूलजवळ न्या. एलएम२५९६ ची फ्रीक्वेन्सी कागदावर १५० असली तरी नगागणिक १२७ ते १७३ किलोहर्ट्झ असू शकते. एखादी आयसी १५८.४ ला बसली, तर तिचा पाचवा हार्मोनिक नेमका ७९२ वर. गाड्यांसाठीच्या कितीतरी बक आयसी २.१ मेगाहर्ट्झवर चालवतात त्याचं कारणही रेडिओच. मूळ फ्रीक्वेन्सीच मीडियम वेव्हच्या पट्ट्याच्या वर गेली की हार्मोनिक त्याच्याही वरच पडणार.

आता दुसऱ्या बाजूने. लिनिअर रेग्युलेटर खरंच शांत असतो का? ७८०५ चा स्वतःचा नॉईज १० हर्ट्झ ते १०० किलोहर्ट्झ या पट्ट्यात ४० मायक्रोव्होल्टच्या आसपास. त्याच पट्ट्यात एलटी३०४२ या रेग्युलेटरचा ०.८. पन्नासपट फरक, आणि दोन्ही 'लिनिअर'च. त्याहून मोठा गैरसमज असा की बकच्या मागे ७८०५ लावली की नॉईज गाळला जातो. ती गाळते, पण मेन्सच्या १०० हर्ट्झची घरघर. शेकडो किलोहर्ट्झवर तिची गाळणी ढिली पडते आणि शंभर मेगाहर्ट्झचे काटे तर तिच्या अंगावरून सरळ पलीकडे जातात. एलटी३०४२ एक मेगाहर्ट्झलाही ७९ डेसिबल, म्हणजे जवळजवळ नऊ हजारपट दाबते, पण ती त्या कामासाठीच घडवलेली आहे. काट्यांसाठी रेग्युलेटरच्या आधी फेराइट बीड हवा.

आणि ही जोडी, पुढे बक आणि मागे चांगला एलडीओ, हीच खरं तर बहुतेक अडचणींवरचा तोडगा आहे. १२ चे साडेपाच बकने करा, साडेपाचचे पाच एलडीओने. एलडीओच्या वाट्याला अर्धाच व्होल्ट येतो, म्हणून उष्णता नाममात्र. रास्पबेरी पायचं २०१४ मधलं बी-प्लस मॉडेल आठवून पाहा. आधीच्या बोर्डावरचे लिनिअर रेग्युलेटर काढून स्विचिंग बसवले, त्याने अर्धा ते एक वॅट वाचला, आणि त्याच बोर्डावर ऑडिओसाठी वेगळा कमी नॉईजचा पुरवठा दिला. काटकसर सगळ्यांना, शांतता जिथे लागते तिथे.

मोजण्याबद्दल एक कानगोष्ट. ऑसिलोस्कोपच्या प्रोबला मगरचिमट्याची जी दहा-पंधरा सेंटिमीटरची ग्राउंड वायर असते, ती अँटेनाच होते. पडद्यावर दिसणाऱ्या काट्यांतले बरेचसे बोर्डावर नसतात, त्या वायरीत असतात. प्रोबची टोपी काढून स्प्रिंगचा ग्राउंड लावा आणि थेट कंडेन्सरच्या पायांवर मोजा. अनेक 'नॉइझी' मॉड्यूल तेवढ्यानेच सुधारतात.

कानाला ऐकू येणारी चिंचिं ही आणखी वेगळी. हलक्या लोडला काटकसरीसाठी आयसी पल्स गाळायला लागते, मग पल्सचे गट काही किलोहर्ट्झला पडतात, आणि सिरॅमिक कंडेन्सर व्होल्टेजने किंचित वाकत असल्याने सगळा बोर्ड स्पीकर होतो. बऱ्याच आयसींत हे पल्स गाळणं बंद करायचा पाय असतो. थोडी वीज जास्त जाते, चिंचिं थांबते.

"फ्रीक्वेन्सी जास्त तेवढं चांगलं, कंडेन्सर जास्त तेवढं चांगलं"

१५० किलोहर्ट्झला ३३ मायक्रोहेन्रीची कॉईल जेवढा करंट-रिपल देते तेवढाच दीड मेगाहर्ट्झला ३.३ मायक्रोहेन्रीची देते. कॉईल वाटाण्याएवढी होते, हा फायदा मोठा. पण दर उघडझापीला थोडी ऊर्जा जातेच आणि उघडझाप दहापट झाली की तो खर्चही दहापट. शिवाय १२ चा १ व्होल्ट २ मेगाहर्ट्झवर करायचा तर स्विच दर फेरीत फक्त ४२ नॅनोसेकंद चालू ठेवावा लागतो. कितीतरी आयसींना शंभरच्या खाली जमत नाही. मग त्या पल्स चुकवतात आणि रिपल वाढतो.

कंडेन्सरची तर गंमतच आहे. एलएम२५९६ सारख्या जुन्या आयसीचं स्थैर्य आउटपुट कंडेन्सरच्या अंतर्गत रोधावर टेकलेलं असतं. उत्साहाने इलेक्ट्रोलिटिक काढून नुसते सिरॅमिक लावले तर ती डोलायला लागू शकते. इनपुटला लांब वायर आणि नुसता सिरॅमिक असेल तर २४ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर चालू स्थितीत खोचताच व्होल्टेज क्षणभर दुपटीकडे झेपावतं, आणि या आयसीची मर्यादा ४० व्होल्ट आहे. तिथे समांतर एक साधा इलेक्ट्रोलिटिक असला की त्याचा 'वाईट' समजला जाणारा रोधच ती उसळी जिरवतो. इनपुटला कॉईल-कंडेन्सरचा फिल्टर लावतानाही जपून. बकचं इनपुट व्होल्टेज घसरलं की तो जास्त करंट ओढतो, म्हणजे उलट्या रोधासारखा वागतो, आणि बेताल फिल्टर त्याच्याशी मिळून आंदोलनं सुरू करतो. कॅलटेकच्या आर. डी. मिडलब्रुक यांनी १९७६ मध्ये हे गणित मांडलं, आजही ते मोडणारे बोर्ड निघतातच.

"आउटपुट ५ व्होल्ट आहे ना, मग काय होतंय"

बकमध्ये इनपुट आणि आउटपुटचा ग्राउंड एकच असतो, वेगळेपणा नसतो. १२ व्होल्टच्या बॅटरीवर त्याने काही बिघडत नाही. पण कित्येक स्वस्त एलईडी बल्बांमधला ड्रायव्हर हा मेन्स रेक्टिफाय करून, म्हणजे ३२५ व्होल्टवर, थेट चालणारा बक असतो. एलईडीच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज कमी असलं तरी जमिनीच्या तुलनेत ती टोकं जिवंत असतात. उघडा बल्ब हातात धरून चालू करायचा नाही. मोबाइलचा चार्जर वेगळा, त्यात ट्रान्सफॉर्मर असतो.

दुसरं, बक मेला की आउटपुट शून्य होतं, असं धरून चालू नका. वरचा स्विच शॉर्ट झाला तर इनपुटचं पूर्ण व्होल्टेज कॉईलमधून सरळ लोडवर येतं. महागड्या बोर्डाआधी फ्यूज आणि टीव्हीएस डायोड एवढं तरी हवंच.

त्या तपकीर गल्लीच्या मॉड्यूलपाशी परतायचं तर त्यात एक आणखी कच्चा दुवा आहे, तो म्हणजे तो निळा प्रीसेट. बहुतेक मॉड्यूलवर तो आउटपुट आणि फीडबॅकच्या पायामध्ये असतो. गाडीच्या हादऱ्याने किंवा धुळीने त्याचा संपर्क सुटला की फीडबॅकला शून्य दिसतं, आयसीला वाटतं व्होल्टेज कमी पडतंय, आणि ती स्विच जवळजवळ पूर्णवेळ चालू ठेवते. कॅमेऱ्यावर बारा व्होल्ट. कायमच्या कामाला प्रीसेट काढून टाकावा. बोर्डावर फीडबॅकपासून ग्राउंडला एक लहान रोध आधीपासून असतो, तो आधी मोजून घ्यावा, कारण तो मॉड्यूलगणिक वेगळा निघतो. पाच व्होल्टसाठी त्याच्या तिप्पट ओहमचा पक्का रोध प्रीसेटच्या जागी सोल्डर करावा: खाली १ किलोओहम असेल तर वर ३. आयसीचा आतला संदर्भ १.२३ व्होल्टचा, त्याची चौपट म्हणजे ४.९२ व्होल्ट. पाच व्होल्टच्या बोर्डाला ते बिनदिक्कत चालतात.